दुसरा अब्ज

“तुमची कोरोनाची बॅच ना, पायाच कच्चा राहिला!”

हे वाक्य तुमच्या घरात अजून निघतं का? आमच्याकडे, म्हणजे जर्मनीतल्या मराठी घरांत, सर्रास निघतं. मूल आता सातवीत गेलं, आपल्या खांद्याला लागलं, तरी गणिताच्या पेपरात गडबड झाली की आपण थेट २०२० गाठतो. मूल तिथंच सोफ्यावर पडलेलं असतं. कानात इअरफोन असले तरी नेमकं हेच वाक्य त्याला ऐकू जातं.

आपल्या मनात वाईट काही नसतं. खरं तर आपण त्याचीच बाजू घेत असतो, की बाबा, त्याचा दोष नाही, दिवसच तसे होते. पण पोराला वाटतं, दिवाळीच्या चकलीचा पहिला घाणा फसतो ना, तसे आपण. घरातच संपवून टाका, पाहुण्यांपुढे ठेवू नका.

मी राहते नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात, ऱ्हाइनकाठच्या एका गावात. इथल्या शाळा १६ मार्च २०२० ला बंद झाल्या. माझी लेक तेव्हा पहिलीत होती. पुढे कितीतरी महिने शाळा कधी बंद, कधी अर्धी. आज अर्धा वर्ग, उद्या उरलेला. आणि भरायची तेव्हाही ती शाळेसारखी नसायची. हिवाळ्यात हवा खेळती राहावी म्हणून दर वीस मिनिटांनी खिडक्या सताड उघडायच्या. बाहेर कडाक्याची थंडी, आत पोरं जाकिटं घालून, घरून आणलेली शाल मांडीवर घेऊन बेरजा करतायत. चॅन्सेलर मर्केलबाईंनी तर त्या हिवाळ्यात संसदेत सांगितलं, गारठा वाटला तर मुलांनी जरा उठाबशा काढाव्यात, टाळ्या वाजवाव्यात. मी हे सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “उठाबशा? अगं, पण पोरांनी केलं काय?”

मग मे २०२१ मध्ये आली लॉली-टेस्ट. आठवड्यातून दोनदा, वर्गात बसल्या जागी, प्रत्येकानं कापसाची काडी लॉलीपॉपसारखी तीस सेकंद चोखायची. सगळ्या वर्गाच्या काड्या एकाच नळीत घालून प्रयोगशाळेत पाठवायच्या. एकजण जरी बाधित असला तरी अख्खी नळी पॉझिटिव्ह, आणि मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांची शाळा बुडाली. लेक रात्री पांघरुणातून विचारायची, “आई, माझ्या काडीमुळे तर नाही ना होणार?”

एवढ्याशा जिवावर पंचवीस जणांच्या शाळेचा भार. हे दडपण कुठल्या विषयात धरायचं? आणि कुठला क्लास लावला म्हणजे ते भरून निघतं?

त्याच महिन्यात जर्मन सरकारनं मुलांसाठी दोन अब्ज युरोंचा कार्यक्रम मंजूर केला. कोरोनात जे राहून गेलं ते मुलांना भरून काढता यावं, हा हेतू. त्यातला एक अब्ज होता अभ्यासासाठी. जादा शिकवणी, सुट्टीतले वर्ग, भाषा-गणिताची उजळणी. दुसरा अब्ज होता बाकी सगळ्यासाठी. सुट्टीतली शिबिरं, खेळ, शाळेत मुलांशी बोलायला समाजसेवक, बालवाडीतल्या लहानग्यांची भाषा सुधारणं. हातावर पोट असलेल्या घरांना तर प्रत्येक मुलामागे शंभर युरो दिले. पोहायला न्या, सर्कशीला न्या, पावती दाखवायची गरज नाही.

आमच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आठवड्यात नुसता धुरळा. शिकवणी कुठं मिळणार? फॉर्म कधी सुटणार? चौथीनंतरच्या शाळेसाठी ती धरतात का? दुसऱ्या अब्जाबद्दल एकानं तरी विचारलं असेल तर शपथ. विषय निघालाच तर एवढाच, की पोरं आधीच मागे पडलीयेत आणि हे म्हणे शिबिराला पाठवा!

मला विचाराल तर साथीनंतर युरोपनं मुलांसाठी जे जे केलं, त्यातलं खरं शहाणपण या दुसऱ्या अब्जात होतं. आपण पालक मात्र अजून पहिल्याच अब्जात घुटमळतोय.

आधी अभ्यासाचंच बोलून घेऊ, म्हणजे मन मोकळं होईल. शेजारच्या नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची वर्षातून दोनदा देशभर चाचणी होते. २०२० मध्ये योगायोग असा, की एक चाचणी शाळा बंद होण्याच्या थोडी आधी झाली आणि दुसरी शाळा उघडल्यावर. मधले आठ आठवडे सगळं घरून. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी साधारण साडेतीन लाख मुलांचे गुण ताडून पाहिले. मुलं सुमारे एक पंचमांश शालेय वर्षाइतकी मागे राहिली होती. म्हणजे जितके दिवस शाळा बंद, साधारण तितकंच नुकसान. घरी बसून शिकल्याची जमेची बाजू जवळजवळ कोरी.

आणि हा देश म्हणजे घरोघरी वेगवान इंटरनेट असलेला! मग आपण जे ऑफिसच्या दोन कॉलच्या मधे, एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात वर्कशीट घेऊन “अरे, साधा तीनचा पाढा येईना?” म्हणून ओरडत होतो, त्यानं काय मोठा फरक पडणार होता? जमलं नाही ते तुम्ही कमी पडलात म्हणून नाही. कुणाच्याच घरी जमलं नाही. मला तरी हे वाचून फार हलकं वाटलं होतं.

त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट आहे, ती मात्र टोचते. आईवडील फारसे शिकलेले नाहीत अशा घरांतल्या मुलांचं नुकसान साठ टक्क्यांपर्यंत जास्त होतं. म्हणजे रात्र रात्र जागून काळजी करणारे आपण, आपल्या मुलांचं त्या मानानं कमी गेलं. ज्यांचं जास्त गेलं त्यांचे आईवडील कुठल्याच ग्रुपवर नव्हते. ते दुकानं, गोदामं, इस्पितळं चालू ठेवत होते. नेदरलँड्सनं शाळांसाठी आणि महाविद्यालयांसाठी मिळून साडेआठ अब्ज युरो काढले, त्यात ही मुलं डोळ्यांपुढे होती. जून २०२१ मध्ये युरोपीय संघानं सदस्य देशांना सांगितलं, की गरिबीच्या काठावरच्या मुलांना शिक्षण मोफत हवं आणि शाळेच्या दर दिवशी निदान एक सकस जेवण हवं. शालेय पोषण आहाराची खिचडी पाहत मोठी झालेली मी. श्रीमंत युरोपला हे २०२१ साली कागदावर लिहावं लागलं, याचंच मला नवल वाटलं.

इंग्लंडमध्ये काय झालं ते तर आपल्या घरातल्यासारखंच आहे. तिथं सर केव्हन कॉलिन्स या अनुभवी शिक्षणतज्ज्ञांना सरकारनं मुलांचं नुकसान कसं भरून काढायचं ते सांगायला नेमलं. त्यांनी सुमारे १५ अब्ज पौंडांचा आराखडा दिला. त्यात शिकवणी होती, पण शाळेचा दिवस लांबवून त्यात खेळ, संगीत, एकत्र वेळ घालवणंही होतं. सरकारनं हातावर ठेवले १.४ अब्ज, त्यात शिकवणी उरली, शिक्षकांचं प्रशिक्षण उरलं आणि लांबवलेला दिवस गळाला. कॉलिन्स यांनी जून २०२१ मध्ये राजीनामा दिला. महिन्याचा हिशोब मांडताना आपण तरी वेगळं काय करतो? ट्यूशनला हात सैल, आणि तबल्याचं पुढच्या वर्षी बघू.

शाळा पुरती सुरू झाल्यावरची पालकसभा मला चांगली आठवते. इथं ती संध्याकाळी, मुलांच्याच बुटक्या खुर्च्यांवर बसून होते. सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी. एका बाबांनी पहिलाच प्रश्न टाकला, की अभ्यासक्रम किती मागे आहे? बाई म्हणाल्या, “गणिताचं मी बघते. सध्या मी यांना भांडायला शिकवतेय.”

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. त्या म्हणाल्या, “भांडण झालं की ते मिटवून परत खेळायला कसं लागायचं, हे यांना माहीतच नाही. एक तर रडत कोपऱ्यात जातात, नाहीतर हात उगारतात. आधीच्या वर्गांतली मुलं हे मधल्या सुट्टीत शिकत आली. यांना मधली सुट्टीच मिळाली नाही.”

मागून एक आई म्हणाली, “म्हणजे फक्त आमच्याच घरी नाही तर!” तेव्हा कुठं सगळे हसले.

आपल्या पिढीला ही गोष्ट कुणी शिकवावी लागली नाही. वाड्यात, चाळीत, सोसायटीत पोरांचा लोंढा असायचा. एकाशी कट्टी केली तर दुसरा होताच. ही मुलं ऐन त्या वयात पडद्यावरच्या चौकटीत बसून होती, आणि चौकटीत भांडण झालं तर माइक बंद करता येतो.

काही मुलांचं ते आत जाऊन बसलंय. हाम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयातली मंडळी साथीच्या पहिल्या वर्षापासून मुलांना आणि आईवडिलांना प्रश्न विचारत आली आहेत. पूर्वी दहातल्या साधारण दोन मुलांच्या मनाची तब्येत डळमळीत दिसायची. साथीत ती दहात तीन झाली. या तिसऱ्या मुलाला आपण ओळखतो बरं का. तो दर सोमवारी सकाळी पोटात दुखतंय म्हणतो. आपण ओवा देतो, डॉक्टरकडे नेतो, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि मग आपण म्हणतो, नाटकं करतोय.

नाटकं नसतात हो. पोट खरंच दुखत असतं.

इथल्या मराठी घरांत यावर एक वेगळीच भीती असते, ती उघड बोलूनच टाकते. शाळेत काही सांगितलं तर ते युगेंडआम्टला, म्हणजे बालकल्याण खात्याला, कळवतील आणि उगाच चौकशी मागे लागेल. परक्या देशात, व्हिसावर राहणाऱ्या माणसाला अशी भीती वाटणारच. पण शाळेतल्या समाजसेविकेवर मुलाचं बोलणं गुप्त ठेवायचं बंधन असतं. शिवाय शहरोशहरी पालकांसाठी सल्ला केंद्रं आहेत, तीही मोफत. मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ मिळायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून पाणी गळ्याशी यायची वाट न बघता आधी या साध्या दारांतून आत जावं. माझी एक मैत्रीण महिनाभर टाळून शेवटी गेली. काय झालं विचारलं तर म्हणाली, “काही नाही गं. बाईंनी त्याला उनो खेळायला बसवलं आणि पाऊण तास तो नुसता बडबडत होता. माझ्याशी नाही बोलत एवढं.” तिला बरंही वाटलं होतं आणि थोडं लागलंही होतं. दोन्ही खरं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण गिम्नाझियमचं काय?

बरोबर आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि विद्यापीठाकडे सरळ जाणारी वाट म्हणजे गिम्नाझियम. बव्हेरियात तर त्यासाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. इथं १ म्हणजे सर्वोत्तम. नऊ-दहा वर्षांच्या मुलाची सरासरी दशांशात! म्युनिकमधली माझी वहिनी त्या वर्षी दशांशचिन्हाच्या पुढचे आकडे झोपेत बरळायची, असं दादा सांगतो. या काळजीला मी हसणार नाही. आपण देश बदलला तो मुलांसाठीच, अशी आपली समजूत असते. मग त्यांची वाट दहाव्या वर्षी अडली तर आपण इथं आलो कशाला, असं वाटतंच.

पण जरा आकडे बघा. पिसा नावाची पंधरा वर्षांच्या मुलांची जागतिक चाचणी असते. २०१८ मध्ये जर्मनीचे गणिताचे गुण ५०० होते, २०२२ मध्ये ४७५ झाले. झालं, सगळे म्हणाले कोरोना. मग फिनलंड? तिथं २०२० च्या वसंतात जेमतेम दोन महिने शाळा बंद होत्या, तरी ५०७ वरून ४८४ वर घसरण. आणि ही घसरण साथीच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. म्हणजे पाया कच्चा असेलच, तर तो एकट्या २०२० नं कच्चा केलेला नाही, आणि आपल्या मुलानं तर नाहीच नाही. शिक्षकांचा तुटवडा आहे, वाचनाची सवय गेली आहे, मोबाइल आहे. जर्मनीनंही आता ऑगस्ट २०२४ पासून दहा वर्षांत वीस अब्ज युरो सुमारे चार हजार शाळांवर खर्चायचं ठरवलंय, जिथं गरीब घरांतली मुलं जास्त आहेत तिथं. दुखणं लांबचं आहे हे सरकारला कळलं. आपण घरी शनिवारच्या एका जादा क्लासनं ते बरं करायला निघतो.

या सगळ्यात एक गोष्ट मला मनापासून आवडली. मोठ्या माणसांनी मुलांचं देणं लागतो असं कबूल केलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयानं त्या वेळची शाळाबंदी घटनेत बसते असं म्हटलं, पण सोबत प्रथमच हेही म्हटलं, की शाळेत शिकायला मिळणं हा मुलांचा राज्यघटनेनं दिलेला हक्क आहे. आणि २०२३ च्या सुरुवातीला आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख यांनी सांगितलं, शाळा आणि बालवाड्या इतका काळ बंद ठेवणं चूक होती. साथीत सगळ्यात कडक बोलणारा हा माणूस!

मी ती बातमी लेकीला वाचून दाखवली. तिला न्यायालयाचं काही नव्हतं. ती म्हणाली, “मग आमची सहल देणार का परत?”

गंमत म्हणजे युरोपीय संघानं मोठ्या मुलांच्या बाबतीत जवळजवळ तेच केलं होतं. तरुणांनी इतरांच्या जिवासाठी आपली दोन वर्षं दिली, म्हणून युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी २०२२ हे तरुणांचं वर्ष म्हणून जाहीर केलं. भाषणं, परिषदा वगैरे झाल्याच, ते सोडून द्या. पण त्याच्या जरा आधी, २०२१ च्या शरदात, संघानं साठ हजार मुलामुलींना युरोपभर फिरायचे रेल्वेचे पास द्यायचं ठरवलं. हा पास एरवी अठराव्या वर्षी मिळतो. या खेपेला एकोणीस-वीस वर्षांच्यांनाही अर्ज करता आला, कारण त्यांची अठरावी वर्षं घरात गेली होती. वय निघून गेलं तरी प्रवास चुकू दिला नाही. याला मी धोरण म्हणते.

आपल्याला घरी साठ हजार पास वाटायचे नाहीत. पण मुलाला एकदा विचारून बघा, तुझं काय राहिलं? मी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, भलंमोठं काहीतरी मागेल. तिनं सांगितलं, सातवा वाढदिवस. तो आम्ही खिडकीतून हात हलवून केला होता. वर्गातली एक मैत्रीण, जी त्याच काळात दुसऱ्या गावी गेली आणि जिला निरोपच देता आला नाही. शाळेत मुक्कामाला राहायची रात्र. आणि आजीकडची मे महिन्याची सुट्टी.

शेवटचं कुठल्याच जर्मन अब्जात बसत नाही. विमानं बंद, मग निर्बंध, मग आपलीच धाकधूक. ज्या वयात मूल आजीच्या मागे मागे फिरत भाषा उचलतं, नेमकी तीच वर्षं गेली. लेकीचं मराठी आजही पडद्यावरच्या आजीशी बोलायला पुरतं, पण गावच्या ओट्यावरच्या गप्पांत मागे पडतं. माझा पुण्याचा भाचा तर पहिलीच्या वर्गात बसलाच नाही. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, तेव्हा तो थेट दुसरीत जाऊन बसला. ही दोघं आता भेटली की इतकी भांडतात, की आमच्या बाई खूश होतील.

तर यादी करा, पण लांबलचक नको. आणि त्यातली एकच गोष्ट उचला. मैत्रिणीचा पत्ता शोधायला आम्हाला तिच्या जुन्या शेजाऱ्यांपर्यंत जावं लागलं. मग दोघी एका शनिवारी भेटल्या, पहिला अर्धा तास अवघडून आपापल्या आईला चिकटून बसल्या, आणि संध्याकाळी उठायला तयार नव्हत्या. त्या शनिवारी गणिताचा क्लास बुडाला. बुडू द्या.

आणि इथं राहत असाल तर उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांसाठी आपल्या नगरपालिकेचं सुट्टीचं वेळापत्रक बघून ठेवा. तंबू ठोकणं, होड्या, सर्कस शिकणं, असलं काय काय असतं, तेही परवडणाऱ्या दरात. आमच्याकडे नोंदणी सकाळी आठला ऑनलाइन उघडते आणि चहा होईपर्यंत तंबूच्या जागा संपलेल्या असतात. त्या वेळी तुमचा ऑफिसचा कॉल असेल तर नवऱ्याला लॅपटॉपपुढं बसवा, आणि मुलाचं नाव पासपोर्टातल्या स्पेलिंगनंच घालायला सांगा.